हरकत क्रमांक चौदा

अन्याय माझ्या आत्यावर झाला. गेल्या वैशाखातल्या एका मंगळवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. शहराच्या पाण्याचा आणि सांडपाण्याचा पुढच्या तीस वर्षांचा आराखडा केला होता, त्यावर सुनावणी चालू होती. ती बोलायला उभी राहिली आणि तिला खाली बसवलं. वेळ मला पाठ आहे, कारण समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

बसवलं अधिकाऱ्यांनी. पण त्यांना तसं बसवता यावं अशी तजवीज मी करून ठेवली होती. हे आधीच सांगून टाकते. मी पत्रकं लिहिणारी मुलगी आहे, आणि पत्रकात दोषी माणूस नेहमी पलीकडच्या बाजूला उभा असतो.

आमचं गाव आता गाव राहिलेलं नाही. कागदावर ते ‘समाविष्ट गाव’ आहे, म्हणजे शहराने पोटात घेतलेलं. आम्ही पोटात गेलो आणि नळ बाहेरच राहिला. वर टेकडीच्या उतारावर वीस-वीस मजली सोसायट्या आल्या. खाली ओढा. ओढ्याच्या काठाला आत्याची बारा गुंठे जमीन आणि जमिनीच्या कोपऱ्यात दगडी पायऱ्यांची विहीर. बारा गुंठ्यांत ती मेथी, शेपू, कोथिंबीर, पालक करायची. पहाटे जुड्या बांधून टेम्पोत टाकायच्या, मार्केट यार्डात पाठवायच्या. त्याच विहिरीचं पाणी आमच्या आळीतली अकरा घरं प्यायची. टँकर येतो, नाही असं नाही. आत्या म्हणायची, “टँकर म्हंजी जावई. यायचा तवा येनार, आन् आला की सगळ्यांनी उभं ऱ्हायचं.” त्यामुळे आळीला भरवसा होता तो विहिरीचा. मोटर चालू केली की ती नुसती एक हाक मारायची, बायका हंडे घेऊन यायच्या. कुणाला कधी नाही म्हटलं नाही. उपकारही दाखवला नाही. फार तर एखादीला टोमणा, “सासूला सांग, पानी माझं हाय, चहा तुझा आन.”

मी हिंजवडीत एका कंपनीत काम करते. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसायचं आणि संध्याकाळी त्याच बसमधून गर्दीत अडकत परत यायचं. पण माझं खरं शिक्षण झालं कर्वेनगरात, कॉलेजात असताना. आमचा विद्यार्थ्यांचा एक गट होता. वसतिगृहाचं जेवण, बसपास, परीक्षेचे निकाल, जे हाताला लागेल त्यावर आम्ही पत्रकं काढायचो. एक सीनियर ताई होती, तिने मला लिहायला शिकवलं. वाक्य छोटं ठेव. ‘मी’ लिहू नको, ‘आम्ही’ लिही. मुद्दे सात काढ, आठवा कुणी वाचत नाही. सगळ्यांचा मजकूर एकच असू दे, म्हणजे एकी दिसते. हे सगळं मी इतकं अंगी बाणवलं होतं की घरी किराण्याची यादी केली तरी ती मागण्यांसारखी दिसायची.

तर हा आराखडा. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छोटी जाहिरात आली: प्रारूप आराखडा पाहण्यासाठी ठेवला आहे, हरकती आणि सूचना लेखी द्याव्यात, तीस दिवसांची मुदत. मी रजा टाकून क्षेत्रीय कार्यालयात गेले. एका खोलीत टेबलावर नकाशांचा गठ्ठा, त्याच्यावर पेपरवेट म्हणून कुणाचा तरी जेवणाचा डबा. तिथे एक कनिष्ठ अभियंता बसला होता, माझ्याच वयाचा. त्याने डबा उचलला आणि नकाशा उलगडून दाखवला. निळ्या रेषा पिण्याच्या पाण्याच्या, तपकिरी मैलापाण्याच्या. आमच्या गावात निळी रेषा नव्हतीच. तपकिरी होती. वरच्या सोसायट्यांतून निघून ओढ्याच्या कडेकडेने खाली येत होती आणि आत्याच्या जमिनीच्या जरा वर एका छोट्या गोलाशी थांबत होती. गोलाशेजारी लिहिलं होतं, ‘तात्पुरता निर्गम’.

“म्हणजे काय?” मी विचारलं.

“म्हणजे तिथून ओढ्यात सोडायचं.”

“मैला?”

“मैलापाणी. तात्पुरतं.”

“कुठवर?”

“शुद्धीकरण प्रकल्प होईपर्यंत.”

“तो कधी होणार?”

“तिसऱ्या टप्प्यात.”

“आणि तिसरा टप्पा कधी?”

“दुसरा झाला की,” तो म्हणाला. थट्टा करत नव्हता. त्याच्याकडे तेवढंच उत्तर होतं. मग त्यानेच नीट समजावलं. वरच्या इमारतींत लोक राहायला आले आहेत, त्यांच्या टाक्या भरून वाहतात, तक्रारी येतात, म्हणून नळी पहिल्या टप्प्यात. प्रकल्पाची जागा अजून ताब्यात नाही, म्हणून तो तिसऱ्यात. कागदावर हे अगदी शहाणपणाचं दिसत होतं. आधी ज्यांची तक्रार आहे त्यांची घाण हलवायची. हलवून ती जाते कुठे, तिथे तक्रार करणारं कुणी नकाशावर दिसत नव्हतं. आत्याची जमीन पिवळ्या रंगात होती आणि पिवळा म्हणजे शेती. विहिरीची खूण नव्हती. हे मी तेव्हाच पाहिलं. पाहिलं आणि मनात ‘नियोजनशून्य कारभार’ असा मथळा तयार झाला, पुढे काही सुचलं नाही.

संध्याकाळी आत्याला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, हातातली जुडी बांधून पुरी केली, मग उठून विहिरीच्या काठापासून ओढ्याकडे चालत गेली. मोठ्याने पावलं मोजत. सतरा. परत येताना पुन्हा मोजली, पुन्हा सतरा. दुसऱ्या दिवशी तिने नातीच्या वहीतून एक पान फाडलं आणि स्वतः लिहून काढलं. सातवीपर्यंत शिकलीय, अक्षर मोठं आणि सरळ. ते पान अजून माझ्याकडे आहे. त्यात असं लिहिलंय:

‘माझी विहीर ओढ्यापासून सतरा पावलं आहे. ओढ्याला पाणी चढलं की दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीची तिसरी पायरी बुडते. ओढा आटला की महिन्याभरात तळाची पायरी उघडी पडते. तीस वर्षं बघते आहे. म्हणजे दोन्हीचं पाणी एकच आहे. ओढ्यात घाण सोडली की ती विहिरीत येणार. विहिरीचं पाणी अकरा घरं पितात. आधी घाण साफ करायचं बांधा, मग नळी आणा. येऊन बघा, मी घरीच असते.’

खाली सही आणि गट नंबर.

मी ते वाचलं आणि तिला म्हटलं, “आत्या, हे चांगलंय, पण फार वैयक्तिक होतंय.”

“म्हंजी?”

“म्हणजे एकट्या तुझ्या विहिरीचं वाटतं. प्रश्न सगळ्यांचा आहे. तांत्रिक मुद्दे पाहिजेत. मी एक मसुदा करते, सगळ्यांनी त्याच्यावर सह्या करू.”

“तुझ्या मसुद्यात पायऱ्या येतील का?”

“त्याच्यापेक्षा मोठे मुद्दे येतील.”

“मोठं कशाला पायजे? इहिर एवढीच हाय.”

मी हसले. शिकलेल्या भाचीने हसावं तसं. तिनेही वाद घातला नाही. “तुला कळतं बाई ते कागदाचं,” एवढंच म्हणाली आणि पान माझ्या हातात दिलं. मी ते पिशवीत टाकलं.

मसुदा मी एका बैठकीत लिहिला. सात मुद्दे. जनतेला विश्वासात घेतलेलं नाही. पर्यावरणाचा ऱ्हास होणार आहे. समाविष्ट गावांना सावत्रपणाची वागणूक. अशी वाक्यं मला झोपेतही येतात. झेरॉक्सवाल्याकडून प्रती काढल्या, खाली नाव आणि सहीसाठी रिकामी रेघ. चार दिवस घरोघर फिरले. दोनशेच्या वर सह्या झाल्या. आत्याने पहिली केली. मी गठ्ठ्याला नाडी बांधली, त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, आणि सगळ्यांनी वळलेल्या मुठी पाठवल्या.

आवक विभागात बाईंनी गठ्ठा घेतला, वरच्या एका कागदावर शिक्का मारला आणि मला पोच दिली.

मी म्हटलं, “एकच शिक्का?”

“गठ्ठा एकच आहे ना?” त्या म्हणाल्या.

हे मला तिथेच खटकायला हवं होतं. नाही खटकलं. मला वाटलं, सरकारी आळस.

सुनावणीला आम्ही आळीतले तीसेक जण गेलो. आत्याने इरकल नेसलं होतं, डोक्यावर पदर, हातात पिशवी. पिशवीत पाण्याची बाटली होती, विहिरीच्या पाण्याची. साहेबांना दाखवायला आणली होती. मी विचारलं, “हे कशाला?” तर म्हणाली, “बघू देत की, अजून कसं हाय ते.”

आमच्या आधी शहरातल्या एका निवृत्त गृहस्थांचा क्रमांक होता. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांच्या इमारतीशेजारी पाण्याचं पंपघर प्रस्तावित होतं आणि त्यांची हरकत अशी की पंपाच्या घरघरीने त्यांची झोप जाईल. हाताने लिहिलेलं एक पान, बस्स. पण त्यांच्या नावाला स्वतंत्र क्रमांक होता. अधिकाऱ्यांनी नकाशा उघडला, गृहस्थांनी खिडकीपासूनचं अंतर सांगितलं, शयनगृह कुठल्या बाजूला आहे ते सांगितलं. अधिकाऱ्यांनी पेन्सिलने चौकोन खोडला आणि रस्त्यापलीकडे काढला. आमच्या डोळ्यांदेखत. म्हणजे नकाशा बदलत होता. दगडात कोरलेला नव्हता.

मग पुकारा झाला, “हरकत क्रमांक चौदा.” आमच्यातलं कुणी उठेना, कारण प्रत्येकाला वाटलं आपला नंबर वेगळा असेल.

अधिकारी म्हणाले, “आपण सर्व जण चौदाच आहात. एकसारख्या मजकुराच्या हरकती एकत्र धरतात. प्रतिनिधी म्हणून एकाने बोलावं. तीन मिनिटं.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उभी राहिले आणि सातही मुद्दे बोलले. आवाज चढवून बोलले. जनता, पर्यावरण, सावत्रपणा. अधिकारी लिहून घेत होते. तीन मिनिटं संपल्यावर ते म्हणाले, “धन्यवाद. यात जागेसंबंधी काही नेमकं म्हणणं आहे का?” मी म्हटलं, “आमचा संपूर्ण आराखड्यालाच विरोध आहे.” मागे कुणीतरी टाळी वाजवली. त्यांनी एक ओळ लिहिली आणि पान उलटलं.

तेव्हा आत्या उभी राहिली.

“साहेब, माझी इहिर हाय त्या गोलाखाली.”

“आपली स्वतंत्र हरकत आहे का, बाई?”

“ही काय, सही हाय की माझी.”

“ती चौदामध्ये आली. चौदाचं म्हणणं ऐकून झालं.”

“त्यात इहिरीचं न्हाई आलं. मी लिवलं हुतं निराळं.” तिने माझ्याकडे बघितलं. “दे गं ते पान.”

पान माझ्या पिशवीत होतं. मी काढलं. अधिकाऱ्यांनी हात पुढे केला नाही. आवाजही चढवला नाही. “लेखी हरकतींची मुदत संपली आहे. आता घेतलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल. बसून घ्या, बाई.” घड्याळात अकरा वीस झाले होते. ती बसली. बाटली तिने पिशवीतून काढलीच नाही.

जिन्यात ते पंपघरवाले गृहस्थ भेटले. चष्मा पुसत म्हणाले, “मुली, छापील कागदावर आम्ही लग्नाला बोलावतो. हरकत हाताने लिहायची असते.” मला त्यांचा संताप आला. तो आजही आहे. त्यांना नियम माहीत होता आणि त्यांनी तो आधी नाही, सगळं झाल्यावर सांगितला. पण आधी सांगितला असता तर मी ऐकलं असतं का? उलट त्यांच्यावर पत्रक काढलं असतं.

दोन महिन्यांनी टपालाने उत्तर आलं. ‘हरकत क्र. १४ विचारात घेण्यात आली. सर्वसाधारण स्वरूपाची असल्याने आराखड्यात बदल आवश्यक नाही.’ मी तेच पत्र घेऊन त्या कनिष्ठ अभियंत्याकडे गेले आणि त्याच्या टेबलावर आदळलं. त्याने शांतपणे फाइल उघडली.

“मॅडम, मला विहीर दाखवा.”

“येऊन बघा ना.”

“कागदावर. नकाशात नाही, मान्य. सात-बाराला नोंद जुनी आहे, आम्हाला दिलेल्या यादीत ती आली नाही, तेही मान्य. म्हणून तर हरकती मागवतात. तुमच्या हरकतीत कुठे आहे?”

मी माझाच मसुदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला. ‘पर्यावरण’ हा शब्द तीनदा होता. ‘विहीर’ एकदाही नव्हता. तिथे त्याच्यासमोर उभी राहून मी ते मोजलं.

मग आत्याचं पान त्याच्यासमोर ठेवलं. ते वाचून त्याला वाईट वाटलं असावं. म्हणाला, “त्यांचं ते पान एकटं जरी आलं असतं तरी आम्हाला जागेवर यावं लागलं असतं. पाहणी न करता निकाली काढता येत नाही ते.” आणि फाइल मिटत, “आता पुढच्या फेरआढाव्यात बघता येईल.” फेरआढावा पाच वर्षांनी.

मी घरी येऊन रात्रीच्या जेवणाआधीच एक जहाल पत्रक लिहिलं. त्यात अधिकारी होते, बिल्डर होते, वरच्या सोसायट्या होत्या. आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “समदं बराबर हाय. माझं नाव तेवढं घालू नगं.” मी म्हटलं, “का?” ती म्हणाली, “मागल्या टायमाला घातलं हुतंस.” आणि भाकरी थापायला लागली. ते पत्रक मी छापलं नाही.

नळी आली. पोकलेनने ओढ्याची कड उकरली, सिमेंटचे पाइप टाकले, चेंबर बांधले. काम नीट केलं, त्यात खोट काढायला जागा ठेवली नाही. मी तीनदा काम अडवायला गेले. मुकादम दर वेळी कागद दाखवायचा. मंजूर आराखडा, पहिला टप्पा. एकदा खड्ड्याच्या काठावर बसून राहिले. तो म्हणाला, “ताई, बसा, पण जरा पलीकडे बसा, माती ढासळते.” दुपारी त्याने मला चहा दिला. चहा पिऊन मी घरी गेले. आणखी काय करणार होते?

नळीचं तोंड ओढ्यात उघडल्यावर आठवडाभर काही झालं नाही. मग एक दिवस विहिरीवर साबणाचा फेस धरला. आत्याने वास घेतला. त्या दिवशी डाळ शिजवली ती कुणी खाल्ली नाही. मी बाटली भरून प्रयोगशाळेत दिली. अहवाल आला: पिण्यास अयोग्य. तो अहवाल मी चार कार्यालयांत दिला. चारही ठिकाणी पोच मिळाली.

भाजी तिने स्वतःच बंद केली. कुणी बंद करायला लावली नव्हती. यार्डातला व्यापारी जुडी नाकाशी धरून म्हणाला होता, “मावशी, पाणी कुठलं देता?” ती खोटं बोलू शकली असती. आमच्या बाजूची किती तरी भाजी ओढ्यावरच होते आणि खपतेही. ती म्हणाली, “घानीचं हाय, नगा घेऊ,” आणि जुड्या परत घेऊन आली. मेथी तशीच फुलावर गेली. नंतर मोटर काढायला मिस्त्री आला, त्याने दोर लावून पंप वर ओढला. पंपाला काळा चिकट थर होता. आत्या तो पुसत बसली, विकायचा नव्हता तरी.

आता टँकर आला की ती रांगेत उभी असते. अकरा घरांतल्या बायका तिला पुढे जा म्हणतात. ती जात नाही. ज्या दिवशी तिचा हंडा भरायच्या आत टँकर संपतो, त्या दिवशी कुणीतरी आपल्या हंड्यातलं तिला ओतून देतं. ते घेताना ती खाली बघते. तीस वर्षं दिलेल्या बाईला घेता येत नाही, आणि त्याला माझ्याकडे कुठलाच मुद्दा नाही.

मध्यंतरी मी तिला म्हटलं, “आत्या, फेरआढाव्यासाठी पुन्हा लिही. तू लिही, तुझ्याच शब्दांत. मी हात लावणार नाही.”

ती म्हणाली, “मी एकदा लिवलं.”

मी खूप सांगितलं. नाही लिहिलं तिने. आणि तिच्या वतीने मी लिहू शकत नाही. तिच्या पायऱ्या मी मोजलेल्या नाहीत.

म्हणून तुम्हाला सांगते आहे. हे वाचून हळहळू नका, त्याने पाणी निवळत नाही. तुमच्या शहराचा, तुमच्या गावाचा असाच एखादा तीस वर्षांचा आराखडा कुठल्यातरी टेबलावर डब्याखाली दाबलेला असेल. तुम्ही वरच्या मजल्यावर राहत असाल तर तुम्हीच आधी जा, कारण ती तपकिरी रेषा तुमच्या घरातून निघते. या आठवड्यात जा. रेषेवर बोट ठेवा आणि ती संपते तिथपर्यंत न्या. मग पायात चपला घालून त्या जागी जा आणि तिथे कोण राहतं, काय पिकवतं, कुठलं पाणी पितं ते विचारा. जे दिसेल ते एका कागदावर, हाताने, तुमच्या शब्दांत, अंतरासकट लिहा. त्या घरातल्या माणसालाही त्याचं स्वतःचं लिहू द्या, एक शब्द सुधारू नका. दोन वेगळे कागद, दोन वेगळे शिक्के, दोन पोचा. आणि माझ्यासारखं कुणी सात मुद्द्यांचा छापील मसुदा घेऊन दारात आलं तर सही न करता परत पाठवा. मुदत संपायच्या आत.